सुट्या आकृत्यांचं पुडकं

शरयूमावशी वर्तुळ काढायच्या तेव्हा श्वास रोखायच्या. कंपास नाही, काही नाही. पेन्सिल जराशी आडवी धरून नुसत्या हाताने, एका दमात. सुरुवातीचं टोक शेवटच्या टोकाला भेटलं की मग श्वास सोडायच्या आणि ‘हं’ म्हणायच्या. वर्तुळ इतकं गोल यायचं की बघणाऱ्याला संशय यावा. एकदा कॅन्टीनमध्ये त्यांची पाठ वळल्यावर मी त्या वर्तुळावर कपाचं बूड ठेवून पाहिलं. वाकडं निघालं ते बूडच.

दोन हजारच्या दशकातली मधली वर्षं. मी पुण्याहून वर्क व्हिसावर लीड्सला आले होते. तिथल्या एका जुन्या ग्रंथालयात हस्तलिखितांचा विभाग होता. तिथल्या कागदांचे फोटो कॉम्प्युटरवर शोधता येतील अशी व्यवस्था करायचं काम आमच्या कंपनीकडे होतं, म्हणून वाचनकक्षाच्या कोपऱ्यात मला एक टेबल मिळालं. पहिल्याच आठवड्यात स्क्रीनकडे बघून मी “काय कटकट आहे या मशीनची!” असं पुटपुटले, आणि समोरच्या टेबलावरची एक मान वर झाली. बारीक कापलेले पांढरे केस, मोरपंखी कार्डिगन, नाकाच्या शेंड्यावर चष्मा.

“पुण्याची का?”

“हो. कसं ओळखलंत?”

“मराठी तर कानांनी ऐकलं. पण चूक मशीनचीच आहे ही खात्री पुण्याची.”

स्वतः त्या सांगलीच्या. लग्न करून डॉक्टर नवऱ्याबरोबर लीड्सला आलेल्या. नवरा हॉस्पिटलात, आणि मावशी इथल्याच एका सरकारी शाळेत गणित शिकवायच्या. चांदोरकर हे आडनाव पोरांच्या जिभेला पेलेना, म्हणून सगळ्या शाळेत ‘मिसेस सी’. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली तरी गावात त्यांच्याबरोबर चालणं म्हणजे दर चौकात थांबणं. एकदा बसमध्ये चढलो तर ड्रायव्हरने, चांगला दांडगा टकला माणूस, पास बघायच्या आधीच पाठ ताठ केली. “मिस! आय स्टिल कान्ट डू फ्रॅक्शन्स, मिस.” मावशी म्हणाल्या, “नो, डॅरेन, यू स्टिल वोन्ट.” सगळी बस हसली आणि डॅरेन सगळ्यांत जास्त हसला.

रिटायर झाल्यावर त्या ग्रंथालयात बिनपगारी कामाला यायला लागल्या. काम असं होतं. साडेतीनशे-चारशे वर्षांपूर्वी यॉर्कशरच्या एका खेड्यात एक पाद्री राहायचा. चर्चचं काम आटोपलं की उरलेला सगळा वेळ भूमिती. लंडनमधल्या एका मित्राला तो पत्रं लिहायचा आणि प्रत्येक पत्रासोबत आकृत्या वेगळ्या चिठोऱ्यावर काढून पाठवायचा, म्हणजे वाचणाऱ्याला पान उलटत बसायला नको. एका हातात पत्र, दुसऱ्या हातात आकृती. सोय मोठी छान. पण पुढे कुणा नीटनेटक्या वारसाने आवराआवर केली. पत्रं एका पेटीत घातली आणि आकृत्यांचं वेगळं पुडकं बांधलं. झालं. कुठली आकृती कुठल्या पत्राची हे सांगणारं कुणी उरलं नाही. मावशी त्यांची पुन्हा गाठ घालून देत होत्या.

पत्रं निम्मी लॅटिनमध्ये. त्यासाठी मावशी साठीनंतर लॅटिनच्या संध्याकाळच्या वर्गाला गेल्या होत्या. “अवघड नाही गेलं?” मी विचारलं. “अवघड? आम्ही शाळेत आठ विभक्त्या घोकल्या. यांच्या सहा. घरी जाताना दोन विसरून जायच्या, बाकी काही नाही.”

त्यांची कामाची रीत त्यांची स्वतःची होती. आधी पुडकं उघडायचंच नाही. पत्र वाचायचं, आणि तो म्हणतो तसं कोऱ्या कागदावर आपण काढत जायचं. A पासून रेघ घे, ती वर्तुळाला C मध्ये लागू दे, C मधून समांतर काढ. सगळी आकृती आपल्या हातून उतरली की मग तिच्यासारखी पुडक्यात शोधायची. “आधी बघितलं की डोळे आळशी होतात. जे समोर दिसतं तेच पत्रात वाचतात.” चिठोरा हातात आला की त्यावर छोटा टॉर्च आडवा धरायच्या. पाद्री शाईने काढायच्या आधी सुईने कोऱ्या रेघा ओढायचा. त्या सरळ उजेडात दिसत नाहीत, आडव्या उजेडात मात्र चरे उठून दिसतात. कंपासच्या टोकाचं भोकही सापडायचं. मला दाखवताना त्या एकदा म्हणाल्या, “हे बघ, इथे कंपास घसरला. इथे याने नक्की शिवी दिली. पाद्री असला तरी.”

पाद्र्याशी त्यांचं एकेरीत चालायचं. “अरे शहाण्या, D कुठे घेतलास?” “हे तर तू मागच्याच पत्रात सिद्ध केलंस, झोपेत होतास का?” हे सगळं ओठातल्या ओठात, कारण वाचनकक्षात ग्रॅहमचं राज्य होतं.

ग्रॅहम तिथला मुख्य. उंच, वाकलेला, नियमांचा माणूस. कुणाच्या हातात पेन दिसलं की मांजरासारखा मागून यायचा. “पेन्सिल्स ओन्ली, लव्ह.” ‘लव्ह’ म्हणायचा पण पेन काढून घ्यायचा. मूळ कागदावर रेघोटी उठवायची परवानगी त्याने कुणालाही दिली नव्हती, मावशींना सोडून. आकृतीची गाठ पडली की चिठोऱ्याच्या मागे, कोपऱ्यात, मऊ पेन्सिलीने पत्राचा क्रमांक लिहायचा तो मावशींनी. एवढा त्याचा त्यांच्यावर विश्वास होता.

आणि गाठ पडली की काय व्हायचं ते सांगितलंच पाहिजे. तिथे ओरडायची सोय नाही. त्यामुळे मावशी दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवायच्या, उठायच्या, ओठ घट्ट मिटून माझ्या टेबलापाशी यायच्या, माझी बाही ओढायच्या आणि मला घेऊन थेट कॉरिडॉरमध्ये. दोन्ही दारं बंद झाली की मग, “सापडलं!” तिथून कॅन्टीन. चहा आणि एका फ्लॅपजॅकचे, ओट आणि पाकाच्या वडीचे, दोन तुकडे, मोठा माझा. चहा होईपर्यंत आकृतीचं सगळं माहात्म्य मला ऐकावं लागायचं. माझं गणित बारावीत सुटलेलं, पण त्या सांगत असताना मला सगळं कळायचं. कॉरिडॉरमधून परत येईपर्यंत निम्मं जायचं.

एका पत्राने मात्र त्या भडकल्या होत्या. पाद्र्याने वर चार ओळींत लिहिलं होतं की आमची धाकटी तापाने गेली, काल तिला पुरलं. आणि लगेच खाली, आता त्या अंडाकृतीबद्दल. “दगड आहे हा माणूस,” मावशी म्हणाल्या. “पोरगी गेली आणि याला त्रिकोण सुचतायत.” ते पत्र त्यांनी बाजूला ठेवून दिलं. पाद्र्याशी बोलणंही काही दिवस बंद होतं. मग त्याच हिवाळ्यात डॉक्टर गेले. आजारपण नाही, काही नाही. रात्री झोपले ते झोपलेच. अंत्यविधीला आम्ही लीड्सच्या मराठी मंडळातले सगळे होतो. मला वाटलं, मावशी आता महिनोन् महिने यायच्या नाहीत. त्या पुढच्याच आठवड्यात आल्या. कार्डिगनचं बटण एक वर एक खाली लागलेलं.

“मावशी, एवढ्यात?”

“घरात बसून काय करू? रडून होतं आणि हात मोकळेच राहतात.”

त्यांनी ते बाजूला टाकलेलं पत्र मागवलं. कोरा कागद घेतला आणि पाद्री म्हणतो तसं काढत गेल्या. अंडाकृती, तिच्यात कलता त्रिकोण. दुपारी पुडक्यातून चिठोरा निघाला. कोपऱ्यात शाईचा अंगठा उमटलेला, पाद्र्याचाच. त्या दिवशी “सापडलं” म्हणाल्या नाहीत. मागे क्रमांक लिहायचाही राहिला आणि चिठोरा पुडक्यातच परत गेला. कॅन्टीनमध्ये चहा बाजूला सरकवून म्हणाल्या, “मेधा, त्याला दुसरं काही येतच नव्हतं गं.” मी त्यांचा हात धरला. त्यांनी धरू दिला.

डॉक्टर गेल्यावर मुलाने लकडा लावला. मुलगा शेखर, जन्म लीड्सचा, आता लंडनमध्ये एजवेअरला बायको-मुलांसह. मोठं घर, आईसाठी खालची खोली तयार. मावशींचं उत्तर ठरलेलं, “पुडकं संपलं की येते.” आम्हाला ती सबब वाटायची. पण नव्हती. लीड्समधलं घर, बस, टेबल, पाद्री, हे सगळं त्या पुडक्याच्या दोरीने बांधलेलं होतं. ती सुटली की आपण कुणाच्या तरी घरातल्या खालच्या खोलीतली म्हातारी, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. एकदा तसं म्हणाल्याही.

मग एका वसंतात त्यांनी माझी बाही ओढली. कॉरिडॉर, दोन्ही दारं बंद, “सापडलं!” गाल लाल झालेले. कॅन्टीनमध्ये सांगायला लागल्या, “अंडाकृती आहे. तिच्यात कलता त्रिकोण. आणि मेधा, कोपऱ्यात त्याचा अंगठा उमटलाय. अंगठा!”

मला वाटलं, थट्टा करतायत. थट्टा त्या करायच्याच. मी हसलेही. पण त्या सांगत राहिल्या. पोरगी गेल्याचं सांगितलं. दगड आहे म्हणाल्या. माझ्या हातातला फ्लॅपजॅकचा तुकडा तसाच राहिला. मी म्हटलं, “चहा गार होतोय, मावशी.”

पुढे ते होतच गेलं. लॉकरची किल्ली रोज हरवायची. बस चुकीच्या बाजूची पकडायच्या. गणित मात्र शाबूत होतं, हे मला अजून कळत नाही. पत्र दिलं की आकृती हातून बिनचूक उतरायची, फक्त ती आधी कधी उतरली होती हे गेलेलं असायचं. शेखरचा मला फोन आला. “मेधा, आई माझा ऐकत नाही. गॅसचा हॉब ऑन राहिला होता, स्मोक अलार्म वाजला, नेक्स्ट डोअरची बाईने मला फोन केला. जीपी डॉक्टरने मेमरी क्लिनिकला पाठवला, ती गेलीच नाही. मी तिला फोर्स नाही करू शकत ना. शी इज माय मम.” मुलगा चांगला होता. मला त्याच्यावर रागावताही येईना.

पुडक्यात आता उरलेल्या आकृत्या खरोखरच अनाथ होत्या. त्यांची पत्रंच नष्ट झाली असावीत, असं ग्रॅहमचं मत. म्हणजे मावशींना सापडण्यासारखं काही उरलं नव्हतं. तरीही त्यांना सापडत होतं. दर आठवड्याला, कधी दोनदा, बाही ओढली जायची. आणि पुडकं काही बारीक होत नव्हतं. माझ्या रेकॉर्डमध्ये तर सगळ्या जोड्या केव्हाच लागलेल्या होत्या. मी एकदा सकाळी लवकर पोचले आणि उलगडा झाला. ग्रॅहम मावशींच्या टेबलाशी वाकून बसला होता. पेन बघून अंगाचा तिळपापड होणारा ग्रॅहम हातात खोडरबर घेऊन एका चिठोऱ्यामागचा क्रमांक पुसत होता. पुसून त्याने तो चिठोरा पुडक्यात सरकवला आणि मग त्याला मी दिसले.

“शी नीड्स टू फाइंड समथिंग, लव्ह,” तो म्हणाला. मग खूप वेळ रबराचा चुरा ब्रशने गोळा करत राहिला.

मला आधी रागच आला. वर्गात कुणाला दयेने एक मार्क वाढवून न देणारी बाई ती. तिला कुणी असं दयेने पास करावं? पण त्या दिवशी त्या कॉरिडॉरमध्ये “सापडलं!” म्हणाल्या, आणि माझा राग कुठल्या कुठे गेला. तो आनंद खोटा नव्हता. तेवढाच तर राहिला होता त्यांच्यापाशी.

उन्हाळा संपत आला असेल. मावशींनी पत्र वाचलं, आपली आकृती काढली, पुडकं सोडलं. मी माझ्या टेबलावरून बघत होते. चिठोरा काढला. त्या दिवशीही तोच निघाला होता, अंगठ्याचा. सवयीने टॉर्च आडवा धरला, पुढून पाहिलं, मग उलटला, मागच्या कोपऱ्यात क्रमांक लिहायला पेन्सिल टेकवली आणि थांबल्या. टॉर्च पुन्हा उचलला. आडवा धरला. रबराने पेन्सिलीचा काळेपणा जातो, दाब जात नाही. चरा राहतोच. तिथे एकाखाली एक, एकावर एक, तोच क्रमांक होता, त्यांच्या अक्षरात, कितीतरी वेळा लिहिलेला.

त्या हलल्या नाहीत. मी खुर्ची मागे सरकवली. एवढ्यात ग्रॅहम पलीकडून आला. तो हल्ली यायचाच त्या वेळेला, तोंडावर उत्सुकता घेऊन. मावशींनी त्याच्याकडे पाहिलं. मग दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले, चेहरा खुलवला आणि त्याच्या नियमाची पर्वा न करता मोठ्याने म्हणाल्या, “ग्रॅहम! आय हॅव फाउंड वन!”

“वेल डन, मिसेस सी,” तो म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

कॉरिडॉरमध्ये त्या थांबल्याच नाहीत. कॅन्टीनमध्ये बसल्यावर म्हणाल्या, “त्याला कळू देऊ नकोस मला कळलंय ते. बिचारा. मूळ कागदाला रबर लावताना काय झालं असेल गं त्याला.” मी रडायला लागले. त्या नव्हत्या रडत. “तुला माहीत होतं?” मी ‘हो’ म्हणून मान हलवली. “किती वेळा सापडलं मला ते?” मी पर्समध्ये रुमाल शोधायला लागले. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. मग माझ्या पर्सकडे बोट दाखवून म्हणाल्या, “शेखरला फोन लाव. आत्ता. उद्या मला हे आठवणार नाही.”

मी फोन लावून दिला. “शेखर, मी येते तुझ्याकडे. या शनिवारी ये न्यायला. आणि ऐक, मी नंतर नाही म्हणाले तरी ऐकू नकोस.” आवाज अगदी वर्गातला होता. फोन मला परत दिला आणि त्या दिवशी फ्लॅपजॅकचा मोठा तुकडा स्वतः घेतला.

शनिवारी मी त्यांच्या घरी आवरायला गेले. शेखरने खोकी गाडीत भरली. मावशी कोट घालून दारात उभ्या होत्या, पण उंबरठ्याबाहेर येईनात.

“मी कुठे जाणार नाहीये. कोणी ठरवलं हे?”

“आई, तूच फोन केली ना मला.”

“मी? शक्य नाही. माझं पुडकं व्हायचंय अजून.” मग माझ्याकडे वळल्या. “मेधा, तू सांग. खरं सांग. मी म्हटलं होतं?”

“हो, मावशी. माझ्यासमोर.”

“डोकं ठिकाणावर होतं माझं?”

“अगदी.”

“आणि कारण? कारण काही सांगितलं मी?”

“सांगितलं होतंत.” पुढचं बोलायला मी तोंड उघडलं, तर त्यांनी हात वर केला.

“नको. कारण होतं ना? मग विचार करूनच म्हटलं असेन.”

आणि त्या एकट्या पायऱ्या उतरल्या, कुणाचा हात न घेता. गाडीत पुढे बसल्या. बेल्ट ओढला आणि त्याचं टोक हातात धरून खाच शोधत राहिल्या. इकडे, तिकडे, सीटच्या खाली. शेखरने वाकून बेल्ट लावून दिला. त्यांनी मान वर करून त्याच्याकडे पाहिलं, हसल्या आणि अनोळखी माणसाला म्हणावं तसं त्याला म्हणाल्या, “थँक यू. व्हेरी काइंड.”